पहिल्या पाण्याची बाटली

त्या वर्षी संक्रांत झाली आणि तळ्याला वास सुटला. एरवी उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की शेवाळाचा वास यायचा, तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. हा वेगळा होता. वरच्या अंगाला दोन वर्षांत नवं लेआऊट उठलं होतं. तिथल्या घरांची गटारं ओढ्यात सोडली होती आणि ओढा तळ्यात येत होता. सकाळी बांधावर उभं राहिलं की पाण्यावर साबणासारखा फेस दिसायचा. वारा सुटला की फेसाचे गोळे उडून माठाच्या वाफ्यांवर येऊन बसायचे.

बनशंकरीच्या पुढं, शहराच्या शेवटच्या बसथांब्यापासून दीड मैलावर हळेकेरे गाव. तळ्याच्या खालच्या अंगाला जयसिंगरावांचं पाऊण एकर पालेभाजीचं रान, रानाला लागून घर आणि घरामागं विहीर. पूर्वज कुठल्या राजाच्या फौजेबरोबर इकडं कानडी मुलखात आले, ते त्यांना नीट सांगता येत नसे. विहीर मात्र खापरपणज्यानं खणली, हे घरातलं लहान मूलही सांगायचं. तिचे दगड जागच्या जागी होते. चैत्रातही तिला दोन पुरुष पाणी असायचं.

घरात माणसं तीन. जयसिंगराव, मुलगा अभिमन्यू आणि सून स्मृती. अभिमन्यू यशवंतपूरला एका कारखान्यात लेथवर होता. सकाळी साडेसहाची बस धरायचा, परतायला सात वाजायचे. स्मृतीला चौथा महिना लागला होता. जयसिंगरावांची बायको राजलक्ष्मी दसऱ्याच्या आधी गेली होती. कावीळ झाली, तीन आठवडे अंथरुणावर होती, आणि गेली.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात वेदिका जीप घेऊन आली. ती मूळची पुण्याची, वडील इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलांना गावागावात ठेवायचं काम ती बघायची. तिच्याबरोबर एक उंच गोरी मुलगी होती. पाठीवर बोचकं, नाक उन्हानं सोललेलं.

"काका, ही इंग्रिड," वेदिका म्हणाली. "मागं बोलले होते ना, तीच. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचा प्रोग्राम आहे, चार महिन्यांचा. वर्गात नाही बसायचं, लोकांच्यात राहून शिकायचं. पाणी, शेती, कचरा. निसर्ग संपवून न टाकता माणसानं जगायचं कसं, हा विषय."

शेजारच्या अहल्याक्का कुंपणापाशी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी दातात धरलेलं केळीचं सोपट बाजूला काढलं.

"हे शिकायला विमानानं आली?"

"हो अक्का. परीक्षापण असते शेवटी."

"मग आम्हाला पण बसवा की. सगळं गाव फर्स्ट क्लासात येतंय बघा."

स्मृतीनं ताटलीत गुळाचा खडा आणि तांब्याच्या पेल्यात पाणी आणलं. घरी आलेल्या माणसाला आधी गूळपाणी, मग बोलणं. इंग्रिडनं गूळ तोंडात टाकला. पेला हातात घेतला, आत बघितलं, आणि परत ताटलीत ठेवला. मग हात जोडून आपल्या बोचक्यातली प्लास्टिकची बाटली दाखवली.

"सॉरी काका," वेदिका घाईनं म्हणाली. "त्यांना स्ट्रिक्ट इन्स्ट्रक्शन असते. उकळलेलंच प्यायचं."

"आमच्या विहिरीला आजवर कुणी नाव ठेवलं नाही."

"नाव नाही ठेवत ती..."

"सरी, सरी." 'बरं' म्हणायला त्यांच्या तोंडी हा कानडी शब्दच यायचा. " कढवून देऊ."

जयसिंगरावांनी पेला उचलला आणि तुळशीच्या बुडाशी ओतला. कान तापले होते. अहल्याक्का बघत होत्या, त्यामुळं जास्त. पण हा अपमान दोन दिवसांत विरून गेला असता. आत दुसरंच काही हललं होतं. या घरात पाणी कढवा असं सांगणारं माणूस हे दुसरं होतं. पहिला होता राजलक्ष्मीचा डॉक्टर.

डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, कढवलेलं पाणीच द्यायचं. जयसिंगराव रोज पाणी कढवून पातेलं उशाशी ठेवायचे. राजलक्ष्मी एक घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची. "याला वाफेचा वास येतोय. आपलं द्या हो. स्वल्प द्या." तिचे ओठ सुकून फाटलेले असायचे. जयसिंगराव मागल्या दारानं जायचे, ताजी कळशी शेंदायचे आणि पेला तिच्या तोंडाला लावायचे. ती डोळे मिटून प्यायची. रोज, तीन आठवडे. कढवलेलं पातेलं तसंच भरलेलं राहायचं, ते संध्याकाळी कुणी बघायच्या आत गाईपुढं ओतायचे. हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

*

इंग्रिड स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत राहायला लागली. पहिल्या आठवड्यात तिनं स्प्रिंगचा एक वजनकाटा काढला आणि खुणेनं विचारलं, घरातला कचरा कुठं असतो? तिला तो रोज तोलायचा होता. स्मृतीनं भाजीचे देठ दाखवले, ते तोवर गाईनं ओढून नेले. चुलीची राख दाखवली, ती भांडी घासायला लागायची. उरलेली वाफ्यात जायची. शेवटी आठवडाभरात जमलेली एक बिस्किटाच्या पुड्याची पिशवी मिळाली. इंग्रिडनं ती काट्याला अडकवली. काटा हललाच नाही. अहल्याक्का हसून हसून कुंपणाला टेकल्या.

मुलगी कामाची होती मात्र. पहाटे उठून माठ कापायला यायची. विळा धरायची रीत तिनं दोन दिवसांत उचलली. कापलेल्या जुड्या तळ्यात धुवायच्या असत, त्यासाठी गुडघाभर पाण्यात उतरावं लागे. पूर्वी त्या पाण्यात मासे पायाला लागायचे. आता बाहेर आलं की पोटऱ्यांवर लाल चट्टे उठायचे आणि दुपारपर्यंत खाज सुटायची. जयसिंगराव खोबरेल चोळायचे. इंग्रिडनं स्मृतीला पाण्यात उतरू दिलं नाही. तिच्या वाटणीच्या जुड्यापण तीच धुवायची. तिच्या गोऱ्या पायांवर चट्टे फारच उठून दिसायचे. ती ते वहीत लिहून ठेवायची.

धुतलेली भाजी विठोजीच्या टेम्पोत चढायची. विठोजी जयसिंगरावांच्या शेजारचा. त्याचं अर्धा एकर रान होतं, आणि गावात टेम्पो त्याचा एकट्याचा. हळेकेरेची भाजी मार्केटात तोच न्यायचा.

फाल्गुन लागला. तळं आणखी खाली गेलं, कडेचा चिखल काळा पडला. एका सकाळी बांधाखाली मेलेले मासे पालथे तरंगत होते. दुसऱ्या दिवशी अहल्याक्कांच्या नातीला जुलाब सुरू झाले ते चार दिवस थांबेनात.

त्याच आठवड्यात वेदिका आली आणि कट्ट्यावर बायका गोळा करून तिनं सांगितलं, उगादीचा पाडवा झाला की गावातल्या सहा विहिरींचं पाणी तपासायचं. तिनं पिशवीतून बोटाएवढी काचेची बाटली काढली. तळाशी कागदाची पट्टी होती.

"खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेत ठेवायचं, दोन दिवस. चांगलं असेल तर जसंच्या तसं राहील. घाण मिसळली असेल तर काळं होईल. एवढंच. लॅब नको, काही नको."

"आणि काळं झालं तर?" कुणीतरी विचारलं.

"तर कढवल्याशिवाय एक थेंब प्यायचा नाही. कावीळ असल्या पाण्यातूनच येते. आणि गरोदर बायकांना ती फार वाईट. इतरांना होते आणि जाते. गरोदर बाई, शेवटचे महिने असले तर... वाचणं कठीण होतं, अक्का. मी घाबरवत नाहीये."

जयसिंगराव कट्ट्याच्या मागं उभे होते. स्मृती पुढं बसली होती, पदर पोटावरून ओढून. तिला सहावा लागला होता. त्या दिवसापासून ती घरात सगळ्यांसाठीच पाणी कढवायला लागली.

संध्याकाळी विठोजी रानात आला. बांधावर उकिडवा बसला.

"जयसिंगण्णा, ही बाटल्यांची भानगड तुझ्या घरातनं निघाली."

"माझ्या घरातनं काय? ती शिकणारी मुलगी आहे."

"शिकेल आणि जाईल. आपण कुठं जायचं? बाटल्या काळ्या झाल्या की पेपरात येणार. पेपरात आलं की मार्केटात कोण विचारेल हळेकेरेची भाजी? गाईला घालायची का? मग लेआऊटवाले म्हणतील, तळं मेलंय, भरून टाका, घरांसाठी साईट पाडा."

"सगळ्यांचं होईल ते माझं."

"तुझी विहीर गावात सगळ्यात जुनी. तुझीच काळी झाली तर बाकी कुणी तोंड उघडायलाच नको." तो उठला. "तुझ्या घरातली पोर आहे. तू सांभाळ."

जयसिंगराव अंधारून येईपर्यंत वाफ्यात बसून होते. विठोजी म्हणाला त्याची भीती होतीच. पण तिच्याखाली आणखी एक भीती होती. बाटली काळी झाली तर राजलक्ष्मीला काय पाजलं, ते कळणार होतं. न कळताच मरता आलं तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

*

त्या घरात एक रीत होती. दिवसाचं पहिलं पाणी घरच्या माणसानं अंघोळ करून, ओलेत्यानं शेंदायचं. ती कळशी देव्हाऱ्यापुढं न्यायची, देवाला पाणी दाखवायचं, मग बाकीच्यांनी दोराला हात लावायचा. परक्या माणसानं पहिल्या पाण्याला शिवायचं नाही. राजलक्ष्मी होती तोवर हे तिचं काम. तिच्यामागं जयसिंगराव करत होते.

इंग्रिडला पहिलंच पाणी हवं होतं, कुणी हात बुडवायच्या आधीचं. उगादीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती बाटली घेऊन मागल्या दारात उभी राहिली. दोराकडं गेली नाही. बाटली तिनं जयसिंगरावांच्या हातात दिली, दोन पावलं मागं सरली आणि हात पाठीमागं बांधले. आदल्या दिवशी तिनं वेदिकाकडून निरोप दिला होता, तुमची रीत मोडायची नाही. तुम्हीच भरून द्या. बाकी पाच विहिरींवर ती स्वतः भरणार होती.

जयसिंगरावांनी कळशी सोडली. कप्पी कुरकुरली. ओल्या पंच्यानं अंगावर काटा आला होता. कळशी घेऊन ते आत गेले, देव्हाऱ्यापुढं ठेवली. शेजारी फळीवर राजलक्ष्मीचा फोटो होता आणि पलीकडच्या ओट्यावर इंग्रिडसाठी कढवून गार केलेल्या पाण्याचं पातेलं, वर ताटली झाकलेली. स्मृती पुढच्या अंगणात सडा घालत होती. तिच्या हंड्याचा आवाज येत होता.

त्यांनी फोटोकडं पाठ केली. ताटली सरकवली. बाटली पातेल्यात बुडवली, खुणेपर्यंत भरली, झाकण घट्ट फिरवलं.

बाहेर येऊन बाटली दिली तेव्हा इंग्रिडनं ती दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतात तशी. बाटली चुलीपाशी कोंड्याच्या टोपलीत ठेवली गेली. दोन दिवस जयसिंगराव येता-जाता कोंडा बाजूला करून बघत होते. पाणी काळं होणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी बघत होते.

तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर सहा बाटल्या ओळीनं ठेवल्या. पाच काळ्या होत्या. अहल्याक्कांची तर डांबरासारखी. सहावीतलं पाणी नितळ होतं.

इंग्रिडनं टाळ्या वाजवल्या. वेदिकानं कपाळाला आठ्या घातल्या. "एकच विहीर? आजूबाजूच्या सगळ्या गेल्या आणि... ही परत करायला हवी. पण बाटल्या संपल्यात. पुढच्या आठवड्यात आणते. तोवर सगळ्यांनी कढवूनच प्या. काका, तुम्हीसुद्धा." पण ते कुणी ऐकलं नाही. बायका नितळ बाटली एकमेकींच्या हातात देत होत्या. विठोजीनं जयसिंगरावांच्या पाठीवर थाप मारली. "एक तरी निघाली. मार्केटात सांगायला तोंड राहिलं."

अहल्याक्का आपल्या काळ्या बाटलीकडं बघत बसल्या होत्या. टोमणा नाही, हसणं नाही. मग हळूच म्हणाल्या, "अण्णा, पिण्यापुरतं तुमच्या विहिरीचं नेलं तर चालेल? पोरीच्या अंगात काही राहिलं नाही हो."

वीस-पंचवीस माणसं त्यांच्याकडं बघत होती. तिथंच सांगायला हवं होतं. तोंडातून एकच शब्द आला.

"सरी."

*

दुसऱ्या सकाळपासून घरामागं रांग लागली. पितळेच्या, स्टीलच्या, प्लास्टिकच्या घागरी. पहिलं पाणी झालं की कप्पी कुरकुरायला लागायची ती उन्हं कलेपर्यंत. जयसिंगराव रानात खुरपत असले तरी त्यांना ती ऐकू यायची. एक कुरकुर म्हणजे एक घागर. एक घागर म्हणजे एक घर. कोणत्या घरात कोण आहे, हे त्यांना पाठ होतं. वरच्या आळीतली नवी सून. त्रिविक्रमचा म्हातारा बाप. अहल्याक्कांची नात. खुरप्याखाली माठाचं रोप तुटलेलंही कळायचं नाही.

जेवताना स्मृतीनं त्यांच्यापुढं तांब्या ठेवला.

"मामा, आजपासून इंग्रिडपुरतंच कढवणार, आपलं बंद केलंय. स्टोव्हच्या रॉकेलला किती वेळ रांगेत उभं राहायचं, पाय सुजतात."

"कढव."

"का? आपली तर चांगली निघाली."

"ती वेदिका म्हणाली ना, आठ दिवस कढवा."

"ती सगळ्यांना म्हणाली. काळ्यावाल्यांना." तिनं स्वतःचा पेला भरला, उभ्यानं प्यायली, पदरानं तोंड पुसलं. "किती गार आहे. अत्तींना उगाच नाही आवडायचं."

अत्ती म्हणजे राजलक्ष्मी. जयसिंगराव अर्ध्या जेवणावरून उठले.

संध्याकाळी त्यांनी स्वतः चूल पेटवून पाणी कढवलं आणि स्मृतीचा तांब्या भरून ठेवला. सकाळी तो तसाच होता. "वाफेचा वास येतोय याला," ती म्हणाली. ते मागल्या दारात जाऊन उभे राहिले. अभिमन्यूला सांगावं असं वाटलं. तो कामावरून यायचा, हाताला तेलाचा काळा थर, जेवायचा आणि पडायचा. "अप्पा, अख्ख्या कारखान्यात सांगितलं मी," तो म्हणाला. "आमची विहीर एकटी पास झाली म्हणून." त्यानंतर कुठून सांगणार?

चौथ्या दिवशी त्यांनी इंग्रिडला खुणेनं विचारलं, तसली बाटली आणखी आहे का? तिच्या पेटीच्या तळाशी एक निघाली, झाकण थोडं चेपलेलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला गोडी लागली. "अप्पा, सायन्स!" म्हणून तिनं ती आनंदानं दिली.

पहाटे त्यांनी पहिल्या पाण्यातून बाटली भरली. या वेळी खरी. गोठ्यातल्या गवताच्या गंजीत, उबेत, कोपरभर आत सारली. दिवसभर हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी स्मृती आडवी झाल्यावर गोठ्यात गेले. गाय त्यांच्याकडं मान वळवून बघत होती. गवतात हात घातला आणि बाटली बाहेर काढली.

काळी. आडव्या फटीतून येणाऱ्या उन्हातही आरपार काही दिसत नव्हतं.

ते शेणातच खाली बसले. डोळ्यांपुढं राजलक्ष्मीचे फाटलेले ओठ आले. पेल्याच्या काठावर टेकलेले. मिटलेले डोळे. ती प्यायची आणि म्हणायची, "आता बरं वाटलं."

बाहेर कप्पी कुरकुरत होती.

*

जीपचा आवाज आला. ठरल्याप्रमाणं वेदिका इंग्रिडला न्यायला आली होती. शेवटचा महिना सगळ्या मुलांनी शहरात एकत्र बसून अहवाल लिहायचा होता. जयसिंगरावांनी बाटली कनवटीला खोचली आणि उठले.

विहिरीपाशी सहा-सात बायका होत्या. अहल्याक्का भरलेली घागर काठावर ठेवून दम खात होत्या, नात त्यांच्या लुगड्याला धरून उभी. स्मृती झोपेतून उठून दारात आली होती. विठोजी टेम्पोत दोरखंड टाकत होता. इंग्रिडनं बोचकं पाठीवर चढवलं, सगळ्यांना हात जोडले. मग ती जयसिंगरावांपुढं आली आणि पाठ करून ठेवलेलं मराठी म्हणाली.

"अप्पा. गूळपाणी."

बायका हसल्या. "शिकली गं बाई!" अहल्याक्का म्हणाल्या. "जाता जाता पास झाली."

"मी सांगितलं तिला, अजून टेस्ट रिपीट झालेली नाही," वेदिका म्हणाली. "ती ऐकत नाहीये. म्हणते, पहिल्या दिवशी मी परत केलं ते अप्पांना लागलं. आज त्यांच्या हातचं पिऊनच जाणार."

स्मृतीनं पेला भरून आणलाच होता. इंग्रिडनं हात पुढं केला.

जयसिंगराव आत गेले. गुळाची ताटली घेतली. ती घेऊन बाहेर आले, स्मृतीच्या हातातला पेला घेतला आणि जमिनीवर ओतला. कनवटीची बाटली काढून गुळाच्या शेजारी ठेवली. ताटली इंग्रिडपुढं धरली.

इंग्रिडनं बाटली उचलली आणि उन्हात धरली.

"ही कुणाची?" वेदिकानं विचारलं.

"या विहिरीची. काल भरलेली."

"मग ती...?"

"ती कढवलेल्या पाण्याची होती. तुझ्या या मुलीसाठी कढवलेलं. मी आत जाऊन भरली."

"का, काका?"

जयसिंगरावांनी विठोजीकडं बघितलं नाही. "भीती वाटली," ते म्हणाले. "हिची सासू गेली ना, तिला डॉक्टरनं कढवलेलं द्या म्हणून सांगितलं होतं. ती नको म्हणायची. मी याच विहिरीचं पाजलं. रोज. माझ्या हातानं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं."

वेदिकानं इंग्रिडला इंग्रजीत हळूहळू सांगितलं. ती ऐकत असताना त्या मुलीचे ओठ पांढरे पडत गेले. तिनं बाटली ताटलीत परत ठेवली नाही, मुठीत धरून ठेवली.

अहल्याक्का उठल्या. त्यांनी काठावरची भरलेली घागर उचलली, जयसिंगरावांपुढं आणली आणि त्यांच्या पायांवर ओतली. सगळी. शेवटचा थेंब पडेपर्यंत घागर धरून ठेवली. "पाच दिवस," त्या म्हणाल्या. "पाच दिवस माझ्या पोरीला घातलं मी हे, तुमच्या नावावर." मग नातीचं मनगट धरून त्या कुंपणापलीकडं गेल्या. बाकीच्या बायकांनीही घागरी आडव्या केल्या. पाणी गोठ्याकडं वाहत गेलं.

"म्हाताऱ्याची अक्कल गेली," विठोजी म्हणाला आणि टेम्पोत चढला.

स्मृती दारातच होती. एक हात चौकटीवर, एक पोटावर. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मामा," ती म्हणाली, "मी पण पाच दिवस प्यायले."

*

वेदिकानं त्याच जीपमधून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, आत्ता काहीच कळणार नाही. कावीळ दिसायची असेल तर दिसायला दिवस लागतात. चाळीस दिवस लक्ष ठेवा. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर तसंच उचलून आणा, एक तासही थांबू नका.

अभिमन्यू बापाशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं कारखान्यातून लोखंडाचं एक जाड झाकण करून आणलं आणि विहिरीच्या तोंडावर बसवलं. जयसिंगरावांनी कप्पीतून दोर काढला, वेटोळं करून खुंटीला अडकवला.

अहवाल लिहून झाल्यावर इंग्रिडनं एक पान वेदिकाकडं दिलं. मराठी करून ते कट्ट्यावर वाचलं गेलं. त्यात सहाही विहिरी काळ्या लिहिल्या होत्या. घरांची नावं नव्हती. पेपरात काही आलं नाही. मार्केटात हळेकेरेच्या भाजीबद्दल कुणी एका शब्दानं विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. जुड्या रोजच्यासारख्या जात राहिल्या.

पिण्याचं पाणी आता लेआऊटच्या कोपऱ्यावरच्या नळावरून आणावं लागे. जयसिंगराव पहाटे अंघोळ करून सायकलला दोन घागरी बांधून जायचे. रांगेत सगळ्या बायकाच. त्यांच्या गावच्या बायका त्यांना बघून बोलायचं थांबायच्या. अहल्याक्का पुढं असल्या तर पाठ वळवायच्या. जयसिंगराव आपली घागर खाली ठेवून मान घालून उभे राहायचे. नंबर आला की भरायचे आणि चालत परत यायचे, सायकल हातात धरून. घरी आले की घागर आधी चुलीवर चढायची.

मग ते अंगणात तुळशीपाशी थांबायचे. ऊन घराच्या कौलांवरून खाली उतरायची वाट बघायचे. दिव्याच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं, म्हणून ऊनच हवं. ऊन पायरीवर आलं की स्मृती बाहेर यायची. तिला हाक मारावी लागत नसे. आठव्या महिन्याचं पोट सांभाळत ती पायरीवर बसायची, तोंड उन्हाकडं करायची आणि बोटांनी खालच्या पापण्या ओढून धरायची.

जयसिंगराव वाकून बघायचे. आधी उजवा, मग डावा. त्यांचा श्वास तिच्या तोंडावर येऊ नये म्हणून रोखून धरायचे.

चाळीसपैकी एकोणिसाव्या दिवशी सकाळी ढग होते. ऊन यायला उशीर झाला. दोघंही वाट बघत बसली. पोटातलं मूल हललं तेव्हा तिनं त्यांना सांगितलं नाही, नुसता हात तिथं ठेवला. मग उजेड आला.

"बघा," ती म्हणाली.

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. एका कोपऱ्यात काही वाटलं, ते पापणीची सावली होती.

"पांढरे आहेत," ते म्हणाले.

"आजचे," स्मृती म्हणाली, आणि पापण्या सोडल्या.